ओकलीस का?

चार बाळंतिणी एकत्र आल्या की बघा, एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो. "माझे पाय इतके सुजले की नवऱ्याच्या चपला घालून डोहाळजेवणाला बसले!" "ते काहीच नाही, मी आठ महिने भिंतीचा चुना खात होते!" मग तिसरी, मग चौथी. या गप्पांमध्ये मी कायम ऐकणाऱ्यांत असायचे. किस्से माझ्याकडेही होते, पण अर्धवट. दोनदा सुरू झाले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत बंद पडले. अर्धवट किस्सा सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

म्हणून तिसऱ्या वेळी मी ठरवलं, कोणाला काही सांगायचं नाही. आधीच्या दोन्ही वेळी मी हौसेने पेढे वाटले होते. पेढे वाटायला एक संध्याकाळ पुरते हो. नंतर प्रत्येकाला गाठून "नाही, आता नाही" हे सांगायला जे लागतं, ते मी दोनदा केलंय. लोक वाईट नसतात, पण त्यांचे चेहरे बघवत नाहीत. तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत माझा नवरा निलेश, मी आणि डॉक्टर, एवढ्यांनाच माहीत असणार होतं. घरात सासूबाईंनासुद्धा नाही.

तोंड बंद ठेवणं सोपं होतं. बाकीचं शरीर ऐकेना!

*

मी वैशाली. राहायला करी रोडला, नोकरीला परळला. एका वॉशिंग मशीन कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये मी मराठी डेस्कवर बसते. "नमस्कार, मी वैशाली बोलतेय, आपली काय सेवा करू?" हे मी झोपेतही म्हणते असं निलेश सांगतो. मशीन गळतंय, मशीन हलतंय, मशीनमधून वास येतोय. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि आपल्या गिळायच्या, अशी नोकरी.

आमच्या डेस्कवर आम्ही चौघं. माझ्या शेजारी रंजना, वरळी कोळीवाड्यातली. तिच्या सासऱ्यांची होडी आहे. समोर शैलाताई, दादरच्या, वयाने मोठ्या, शुद्ध शाकाहारी आणि शुद्ध मराठी. आणि आमचा टीम लीडर सचिन, अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीत राहतो. लग्न झालेलं नाही, बायकांशी बोलताना भिंतीकडे बघतो.

तर सुरुवात वासापासून झाली.

जुलै संपत आलेला. मासेमारीची बंदी, म्हणून रंजनाच्या डब्यात सुके बोंबील. एरवी त्या डब्यावर पहिला हात माझा पडायचा. त्या दिवशी तिने झाकण उघडलं आणि माझ्या पोटातून जे काही उठलं, ते मी तळहाताने अडवत बाथरूमपर्यंत पळाले. परत आले तर तिघं माझ्याकडे बघतायत.

"काय झालं गो?"

"काही नाही. आज माझा उपास आहे ना. संकष्टी."

दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, उपास. चार दिवसांनी पुन्हा म्हटलं, संकष्टी. शैलाताईंना अख्खं पंचांग पाठ. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाल्या, "संकष्टी महिन्यातून एकदाच येते गं. तुझ्यावर बाप्पा जरा जास्तच प्रसन्न दिसतोय!"

रंजनाने डब्याचं झाकण लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात बटाट्याची भाजी होती. "सुकं संपलं घरातलं," म्हणाली. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

*

आता घरचं सांगते. आमची खोली म्हणजे एक हॉल, त्यातच किचनचा ओटा आणि कोपऱ्यात बाथरूम. तिथे काय लपणार? मी पहाटे उठून नळ मोठा सोडायचे आणि वाकायचे. ओकायचं आणि आवाज करायचा नाही, हे जमवून बघा एकदा. डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून येतं, आणि आवाजही आत राहत नाही.

सासूबाईंना, म्हणजे आईंना, अचानक सकाळी भक्तिगीतं ऐकायची आवड निर्माण झाली. मी बाथरूममध्ये गेले की टीव्ही सुरू. तोही असा मोठा, की वरच्या मजल्यावरून एकदा निरोप आला. मला वाटायचं, बरं झालं, आईंना काही ऐकू जात नाही.

शेजारच्या काकूंनी एकदा दारातच आईंना विचारलं, "काय हो, सुनेचा चेहरा किती उतरलाय! काही गोड बातमी काय?"

आई मालवणच्या. शांतपणे म्हणाल्या, "काय नाय गो. पित्त झालाहा तिका."

"इतके दिवस पित्त?"

"पित्त म्हटलंय मां!" आणि दार लावून घेतलं.

निलेशचं तर वेगळंच. मागच्या दोन्ही वेळी असं झालं होतं की एका सकाळी मळमळ एकदम थांबली. मी खूश झाले, पोटभर पोहे खाल्ले, दोन दिवस मजेत गेले. मग सोनोग्राफीला गेलो तर डॉक्टरांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली. दोन्ही वेळी तस्संच. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मळमळ थांबण्याचा तसा अर्थ नसतो, कित्येकींची वेळ झाली की आपोआप थांबते. पण आमच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

त्यामुळे लोकांच्या घरी नवरा सकाळी "चहा घेतलास का?" विचारतो. आमच्याकडे निलेश अंथरुणातूनच हळू आवाजात विचारायचा, "ओकलीस का?"

"हो."

"शाब्बास!"

आणि तो माणूस कूस बदलून समाधानाने झोपायचा. मी तोंड पुसत त्याच्याकडे बघत राहायचे. रडू की हसू तेच कळायचं नाही.

*

मळमळ सगळ्यांना माहीत असते. सिनेमात दाखवतात. लाळेबद्दल मला कोणी, कधी, एका शब्दाने सांगितलं नव्हतं!

ऑगस्टमध्ये माझ्या तोंडाला पाणी सुटायला लागलं, ते थांबेचना. गिळावं तर उलटी येते, थुंकावं तर कुठे थुंकणार? मी बोलायची नोकरी करते हो! शेवटी टेबलाखाली स्टीलचा एक झाकणाचा डबा ठेवला. कस्टमर बोलायला लागला की म्यूट दाबायचं, खाली वाकायचं, डब्यात थुंकायचं, झाकण लावायचं, म्यूट काढायचं आणि "हो सर, समजलं सर."

एकदा म्यूट दाबलंच गेलं नाही. पलीकडे एक आजोबा होते, त्यांचं मशीन खालून गळत होतं. ते अगदी काळजीने म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे पण गळतंय का हो?"

सचिनने विचारलं, हा डबा कसला? मी म्हटलं, दाताची ट्रीटमेंट चालू आहे. मला वाटलं विषय संपला. पण सचिन स्वभावाने इतका चांगला निघाला की माझी वाट लागली. त्याचा आतेभाऊ दादरला डेंटिस्ट! त्याने माझी अपॉइंटमेंटच घेऊन टाकली. रोज विचारायचा, गेलात का, गेलात का. शेवटी गेले.

आतेभावाने मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात टॉर्च मारला आणि म्हणाला, एक एक्सरे काढू. एक्सरे म्हटल्यावर मी ताडकन उठून बसले. त्याच्या त्या वाडग्यात थुंकत थुंकत मी त्याला सगळं सांगून टाकलं. आईंना सांगितलं नव्हतं, माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं, आणि त्या अनोळखी माणसापुढे मी मागच्या दोन वेळांसकट सगळं बोलून मोकळी झाले, रडलेसुद्धा. तो बिचारा हातात आरसा धरून ऐकत होता. कोणाला सांगणार नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सचिन डेस्कवर आला, भिंतीकडे बघत म्हणाला, "मॅडम, भावाचा फोन आलेला. दात एकदम मस्त आहेत म्हणाला." मग जरा थांबून, "पण ट्रीटमेंट सहा-सात महिने चालेल बोलला!"

मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तो अजून भिंतीकडेच बघत होता. मी ठरवलं की त्याला काही कळलेलं नाही.

*

आमच्याकडे जागेवरून उठायचं तर आधी कॉम्प्युटरवर ब्रेक टाकावा लागतो. चहाचा वेगळा, जेवणाचा वेगळा, बाथरूमचा वेगळा. ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त झालं की तुमचं नाव समोरच्या मोठ्या स्क्रीनवर लाल होतं. अख्ख्या फ्लोअरला दिसतं, कोण किती वेळ बाथरूममध्ये आहे ते! आमच्या चाळीत कॉमन संडास होते तेव्हाही एवढी लाज काढली जात नव्हती.

माझं नाव रोज लाल. सारखी लघवीला जायचे, आणि जायचं म्हणजे पळत. दुसरी अडचण याच्या बरोबर उलटी. पोट आठवडा-आठवडा साफ व्हायचं नाही. आत बसून मी घामाघूम व्हायचे, जोर करायलाही भीती वाटायची. मनात यायचं, चुकून भलतंच काही झालं तर? ही भीती कोणत्या बाईला बोलून दाखवणार? मग रिकामीच बाहेर यायची आणि बाहेर माझं नाव लाल!

एका सोमवारी बघते तर माझं नाव हिरवं. मंगळवारीही हिरवं. मी दिवसातून कितीही वेळा उठले तरी हिरवंच. मी घाबरून सचिनकडे गेले.

"सचिन, सिस्टीममध्ये काहीतरी गडबड आहे. माझे ब्रेक दिसत नाहीयेत."

"ब्रेक नाही मॅडम, ते ट्रेनिंग आहे. तुम्ही जागेवरून उठलात की ट्रेनिंगमध्ये जाता."

"कसलं ट्रेनिंग?"

सचिनने भिंतीकडे बराच वेळ बघितलं. "ते मला पण माहीत नाय मॅडम. पण चालू ठेवा!"

*

एक किस्सा मला सांगायचा नव्हता, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गणपतीच्या आधीची गोष्ट. एका बाईंशी फोनवर बोलत होते, त्यांच्या मशीनचं दार उघडत नव्हतं आणि आत मुलाचा युनिफॉर्म अडकला होता. बोलता बोलता खाली बघितलं, तर माझ्या फिकट पिवळ्या ड्रेसवर, मांडीवर, लाल थेंब.

मला ते ठाऊक होतं. मागच्या वेळी त्या दोन मजेच्या दिवसांनंतर असाच एक थेंब दिसला होता, म्हणूनच सोनोग्राफीला धावलो होतो.

मी फोन ठेवला नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. मी त्या बाईंना प्लग काढायला सांगितला, थोडा वेळ थांबायला सांगितलं, दार हळूच ओढायला सांगितलं. दार उघडलं. त्या खूश झाल्या. "आपला दिवस शुभ जावो," असं मीच त्यांना म्हटलं. म्हणेपर्यंत मांडीवर दुसरा थेंब पडला. मी मनात म्हणत होते, झालं, संपलं, आता परत एकेकाला सांगायचं.

तेवढ्यात शैलाताई समोरून ओरडल्या, "अगं वैशाली, नाक! तुझं नाक!"

माझा घोळणा फुटला होता! गरोदरपणात नाकातून रक्त येतं, हे मला त्या दिवशी कळलं. शैलाताईंनी माझं नाक चिमटीत धरलं आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून जी हसत सुटले, ती हसता हसता हमसून रडायला लागले. त्यांची पांढरी ओढणी लाल झाली. त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "उन्हाळा बाधतो एकेकीला."

बाहेर धो धो पाऊस पडत होता!

*

गणपती गेले. तिसरा महिना संपत आला. पहिली सोनोग्राफी कधीच झाली होती, ठोके दिसले होते. पण पहिल्या सोनोग्राफीत ठोके मागच्या दोन्ही वेळीही दिसले होते. दुसरीची तारीख पुढच्या आठवड्यात होती.

आणि एका सकाळी मी उठले ती एकदम छान.

बाथरूममध्ये गेले, वाकून उभी राहिले. काही नाही. मुद्दाम घशात ब्रश घातला. काही नाही. तोंडाची लाळसुद्धा माणसासारखी वागत होती. मी दार उघडलं तर बाहेर आई उभ्या. हातात टीव्हीचा रिमोट. टीव्ही बंद. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. त्या वाट बघत उभ्या होत्या हो! इतके दिवस त्या माझ्या आवाजावर टीव्ही लावत होत्या आणि आज लावायचं काही कारणच उरलं नव्हतं. त्या वळून ओट्याकडे गेल्या आणि धुतलेलीच भांडी परत धुवायला लागल्या.

अंथरुणातून निलेशने विचारलं, "ओकलीस का?"

मी उत्तर दिलं नाही. त्यानेही परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. निलेश म्हणाला, आजच जाऊया सोनोग्राफीला. मी म्हटलं, नाही. जोवर मी ती स्क्रीन बघत नाही तोवर आहे, असं मला धरून बसायचं होतं. मूर्खपणा होता, मला कळत होतं. पण जिने दोनदा बघितलंय तिला विचारा.

ऑफिसात त्या दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, आमचं मशीन इतके दिवस धडधड करायचं, अख्खं घर हलायचं. परवापासून एकदम शांत आहे. बरं झालंय की बिघडलंय?"

माझ्याकडे सगळ्याची उत्तरं स्क्रीनवर लिहिलेली असतात. याचं नव्हतं. मी म्हटलं, "सर, मला नाही माहीत," आणि हेडफोन काढून ठेवला.

*

जेवणाच्या सुट्टीत रंजनाने डबा उघडला. बटाटा.

मी बराच वेळ त्या बटाट्याकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यात आलं. नारळी पौर्णिमा केव्हाच होऊन गेली होती. रंजनाने आम्हाला नारळाच्या करंज्या वाटल्या होत्या, सासऱ्यांच्या होडीची पूजा मोबाईलवर दाखवली होती. होड्या समुद्रात जाऊन आठवडे झाले होते. श्रावण संपला, गौरी-गणपती झाले, लालबागच्या बाजारात पापलेटं लागली. आणि या कोळणीच्या डब्यात अजून बटाटा!

"रंजना, होडी गेली नाही का गं अजून?"

"हवा नाय बरोबर," ती पोळीकडे बघत म्हणाली.

"इतके दिवस हवा नाही? मला काय वेडी समजतेस?"

तिने घास खाली ठेवला. "आणि तू आम्हाला काय समजतेस गो? महिन्यात चार संकष्ट्या करतेस, दात मस्त असताना डब्यात थुंकतेस! दोन महिने बटाटा खाऊन माझा नवरा मला घरातून काढायला निघालाय. त्याला वाटतंय मी माळकरी झाले!"

शैलाताईंनी मान खाली घातली होती. सचिन पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने भिंतीशी उभा होता, भिंतीकडे बघत. या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलले नाही म्हणून तेही बोलले नव्हते.

मी म्हटलं, "थांबलंय सगळं. आज तिसरा दिवस."

कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. मागच्या दोन्ही वेळी मी याच टेबलावर पोटभर जेवले होते आणि हेच तिघं "बघ, कशी भूक लागली पोरीला!" म्हणून खूश झाले होते.

मग मी रंजनाला म्हटलं, "उद्या बोंबील आण. वास येईल असे. मला बघायचंय."

*

दुसऱ्या दिवशी रंजनाने नुसते ताजे बोंबील तळून आणले नाहीत. एका डब्यात तळलेले बोंबील, दुसऱ्यात सुक्या बोंबलाचं कालवण आणि तिसऱ्यात सुकट भाजून. म्हणाली, "कशाने तरी होईलच गो."

शैलाताई, ज्या एरवी मासळीच्या डब्यापासून दोन टेबलं लांब बसायच्या, त्या नाकाला पदर न लावता माझ्या शेजारी बसल्या आणि माझा हात धरला. सचिन कचऱ्याची बादली घेऊन तयार उभा. त्याने आम्हा चौघांनाही ट्रेनिंगमध्ये टाकलं होतं.

रंजनाने पहिलं झाकण उघडलं. मी वास घेतला.

"काय?"

"काही नाही."

दुसरं उघडलं. मी डबा नाकाशी धरला, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. दोन महिन्यांपूर्वी या वासाने मी अर्धा फ्लोअर ओलांडून पळाले होते. आता माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण ते साधं, भुकेचं. तिसरा डबा तर तिने माझ्या तोंडातच धरला.

सचिन बादली घेऊन तसाच उभा होता. शैलाताईंचा हात माझ्या हातावर घट्ट झाला होता. रंजना म्हणाली, "बोंबील बरोबर तळले गेले नसतील, उद्या परत आणते, उद्या जवळा आणते," आणि तिने स्वतःच डब्याचा वास घेऊन बघितला.

मी खायला लागले. काय करणार? दोन महिने उपाशी होते आणि बोंबील इतके कुरकुरीत झाले होते. मी रडत होते आणि खात होते, एकामागून एक, तिन्ही डबे. कोणी मला थांबवलं नाही. मी शेवटचा काटा चोखून ठेवला तेव्हा सचिन पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, आजच जाऊन या. मी आठवडाभराचं ट्रेनिंग टाकतो."

*

गेले. दादरला, निलेशबरोबर. आईही आल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही चपला घालत होतो तेव्हा त्या पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. "मी येतंय," एवढंच बोलल्या.

सोनोग्राफीच्या आधी पाणी प्यायला लावतात. मी बाटल्यांवर बाटल्या प्याले. बाकावर बसल्या बसल्या एक शिंक आली आणि थोडं कपड्यातच झालं. एरवी मी लाजेने मेले असते. तेव्हा काहीच वाटलं नाही, मी तशीच भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे पाठ करून बसून राहिले. माझं नाव पुकारल्यावर निलेशने उठायचा प्रयत्न केला आणि परत खाली बसला. "तू जा," म्हणाला, "मला नाही जमणार यावेळी." मी एकटी आत गेले.

पोटावर ते गार चिकट जेल. डॉक्टरांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली. मी छताकडे बघत राहिले. त्या काही बोलेनात. मशीन फिरवतायत, थांबतायत, परत फिरवतायत. मला ती शांतता पाठ होती. मी मनात पहिलं वाक्य जुळवायला लागले, बाहेर जाऊन आईंना काय सांगायचं त्याचं.

तेवढ्यात कोपऱ्यात मावशींनी लादी पुसायला फिनेलची बाटली उघडली.

मला इशारा द्यायलाही वेळ मिळाला नाही. मी एका कुशीवर झाले आणि सकाळचा चहा, सगळं पाणी आणि दुपारचे बोंबील, सगळं डॉक्टरांच्या कचऱ्याच्या डब्यात. अर्धं डब्यात, अर्धं त्यांच्या चपलेवर. मावशी बाटली टाकून धावल्या. मी अजून ओकतच होते, आणि डॉक्टर माझा खांदा दाबून म्हणत होत्या, "अहो, झोपा, झोपा सरळ! ते आत उड्या मारतंय आणि तुम्ही इथे! ठोके ऐकायचेत ना?"

दाराबाहेरून निलेशचा आवाज आला. अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असा.

"वैशाली! ओकलीस का?"

बाहेर आल्यावर पायरीवर बसून मी ऑफिसात फोन लावला. रंजनाने पहिल्याच रिंगला उचलला.

"हॅलो? काय झालं गो? बोल ना!"

माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. नुसते हुंदके. तिकडे रंजनाने ते ऐकलं आणि ती पण मोठ्याने रडायला लागली. मग फोन शैलाताईंनी घेतला. त्या म्हणाल्या, "वैशाली, बाळा, आम्ही आहोत हं. काही बोलू नकोस. कोणाला काही सांगायची गरज नाही, या वेळी मी सगळ्यांना सांगते. तू फक्त घरी जा."

मी नाक पुसलं. आईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. एक घोट घेतला आणि कसाबसा आवाज काढला.

"शैलाताई, रंजनाला एवढंच सांगा. उद्यापासून परत बटाटा आण म्हणावं!"